कार्डावरचं नाव

सोम. ३ फेब्रु.
पोटात पुन्हा कळ. टॉवेल शिवता शिवता मशीनवरच डोकं टेकलं. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे, ऑपरेशन लांबवू नका. वॉर्ड ऑफिसात विम्याची नवी सरकारी योजना आलीय, आधी प्रयोग म्हणून आपल्याच भागात. हप्ता जवळजवळ सगळा सरकार भरणार. उद्या अर्धी सुट्टी टाकून जाते.

मंगळ. ४
नाव लागलं नाही. रेशनकार्डावरची सगळी माणसं सोलापुरात राहणारी पाहिजेत. वॉर्ड ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" बार्शीला, म्हटलं, आडत दुकानात. "किती वर्षं?" चार. मग हळूच म्हणाल्या, "त्यांचं नाव कमी करा की. एक अर्ज फक्त." घेऊन आले. मुदत शनिवारपर्यंत वाटलं, पण पंधरा तारीख म्हणाल्या, म्हणजे पुढचा शनिवार.

गुरु. ६
अर्ज तसाच. कारणाचा रकाना आहे. मयत, विवाह, स्थलांतर. भांडण तर कधी झालंच नाही आमचं. इथला कारखाना बंद पडला, हे तिकडं गेले. आधी दर रविवारी यायचे. मग सणाला. मग...

शनि. ८
ह्यांना फोन केला. ऑपरेशनचं सांगायचं नव्हतं, सांगितलं.
"कवापासनं दुखतंय?"
दिवाळीपासनं.
"आन् मला आता सांगतीस?"
नाव कमी करायचं म्हटलं. "कर की. तुझं ऑपरेशन महत्त्वाचं." इतकं लगेच म्हणतील असं वाटलं नव्हतं. कळ आली म्हणून फोन ठेवला. कळ नव्हती आली.

सोम. १०
कामाला निघाले तर हे दारात. पहिल्या एसटीनं आलेले. दाढी पांढरी झालीय. दवाखान्यात माझी फाईल मांडीवर धरून बसले, मला हात लावू दिला नाही. तेलकट बंद म्हणजे काय काय बंद, डॉक्टरांना दोनदा विचारलं. संध्याकाळी परत गेले. जाताना अर्जावर संमतीची सही केली. कारण मात्र तू लिही म्हणाले.

गुरु. १३
कारण लिहिलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ह्यांचा फोन. इथं सोलापूरजवळ चिंचोळीत गोदामावर माणूस पाहिजे म्हणे, तिथल्या शेठना बोललेत. मग,
"रहिवासी दाखल्याला काय काय लागतं, इचारून ठेव."
म्हटलं, आधी इथं राहावं लागतं.
"त्ये म्हाईत हाय मला," म्हणाले.