चीज येईपर्यंत थांब

१२ मे
उद्या ब्योंग-उक सोलहून इथे फ्रान्समध्ये, लियोंला येतोय. शाळेपासूनचा मित्र. माणूस सोन्यासारखा, पण जन्म ऑफिसच्या कँटीनमध्ये गेला. चार दिवसांत त्याला माणसात आणायचं. प्लॅन तयार. थीसिस चार दिवस थांबेल. तीन वर्षं थांबलाच आहे.

मुख्य काम: सो-दामसाठी रेशमी स्कार्फ त्याच्या हाती पाठवणे. ती तिकडे माझी वाट बघतेय. तसं बोलली नाही, पण दीड वर्षात माझ्या एकाही मेसेजला तिने उत्तर दिलेलं नाही. मनात काही नसतं तर माणूस सरळ उत्तर देऊन मोकळा होतो.

निश्चय: ब्योंग-उकच्या चुका चारचौघांत दाखवायच्या नाहीत.

१३ मे
आला. अर्धी बॅग माझ्या आईने पाठवलेल्या किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीची. मी म्हणालो, इतकी वर्षं इथे काढल्यावर हा वास आता सोसवत नाही. संध्याकाळपर्यंत डबा संपला. त्याने दोन घास खाल्ले असतील.

'तुझ्याशी जरा बोलायचं होतं,' म्हणाला. मी म्हणालो, एवढ्या प्रवासानंतर महत्त्वाचं काही बोलू नये. झोप.

१४ मे
जुन्या गावातले घरांच्या पोटातून जाणारे बोळ दाखवले. नकाशा न घेता, कारण नकाशा टुरिस्ट घेतात. शेवटचा बोळ एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात निघाला. 'नळवाले का?' तिने विचारलं. मी अस्खलित फ्रेंचमध्ये सविस्तर खुलासा केला. ती ब्योंग-उककडे वळून म्हणाली, 'ह्याला काय होतंय?' त्याने फोनवर भाषांतर करून दाखवलं, तेव्हा तिने रस्ता सांगितला. फोनचं फ्रेंच अगदी शाळकरी होतं.

मग स्कार्फ. ब्योंग-उक म्हणाला, करडा घे. मी लाल घेतला.
'अरे, लाल ती घालत नाही.'
तुला काय ठाऊक, विचारलं. तो करड्या स्कार्फची घडी घालत राहिला. त्याला रंगातलं कळत नाही हे दुकानदारबाईंना समजावून सांगितलं.

१५ मे
दुपारी इथली खासियत: आतड्यांचं सॉसेज. त्याची फजिती बघायला दोन मागवली. गड्याने स्वतःचं संपवलं, मग माझंही. 'आपल्या नाक्यावरच्या भाजलेल्या आतड्यांसारखंच आहे की रे!' जिभेला चव नसली की सगळं चालतं.

खाताखाताच सुरू झाला, 'सो-दामबद्दल सांगायचं होतं...' मी हात वर केला. इथे महत्त्वाचं बोलणं चीज आल्यावर, फळं येण्याआधी. त्याआधी काढणं म्हणजे शुद्ध गावंढळपणा. आणि आज चीज मागवलं नव्हतं.

उद्याचं मोठं जेवण त्याच्याकडून. हट्टच धरून बसला. गुरुदक्षिणा!

१७ मे, सकाळ
कालचं लिहून टाकतो.

पांढरे टेबलक्लॉथ, कुजबुजणारे वेटर. ताटात भाजलेलं कबुतर आलं. ब्योंग-उकला समजावलं की सुरी-काटा असे शेजारी-शेजारी ठेवले, तर जेवण झालं असा अर्थ होतो. करून दाखवलं. वेटरने माझं ताट उचललं. मला फारशी भूक नव्हतीच.

चीजची गाडी आली. 'आता बोलू?' म्हणाला. बोल म्हणालो.

ऑक्टोबरात लग्न. त्याचं आणि सो-दामचं.

आमच्याकडे कोरियात जवळच्या माणसाला लग्नाचं आमंत्रण असं जेवू घालून समोरासमोर देतात. सोलमध्ये कोणी असा जेवण देण्याचा हट्ट धरला असता, तर पाण्याचा ग्लास यायच्या आधी ओळखलं असतं. इथे राहून मी फार फ्रेंच झालोय.

'तुमचं होतं हे मला माहीत आहे,' तो मान खाली घालून म्हणाला. 'म्हणून फोनवर नाही सांगितलं. तीन दिवस बघतोय, तू बोलूच देत नाहीस.'

तरी मी मोठ्या मनाने अभिनंदन केलं. शिवाय, आमच्याकडे नवऱ्याचा मित्रच लग्नाचं सूत्रसंचालन करतो, म्हणून तेही मीच करीन म्हणालो. तो चीजकडे बघत राहिला. 'चुलतभावाचं ठरलंय रे. सो-दाम म्हणते, तुझ्या हातात माइक दिला तर पाहुणे उपाशी मरतील.'

पण एक आहे. 'तुमचं होतं' हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. होतं. ते कोणी काढून घेऊ शकत नाही. एवढ्यावर माणूस जगू शकतो.

२० मे
ब्योंग-उक परवाच पोचला असेल. आजपासून थीसिस. खुर्ची खिडकीजवळ सरकवली. मग परत होती तिथे.

दुपारी सो-दामचा फोन! दीड वर्षात पहिला. आवाज तसाच, हसरा.
'किती छान घेतलंस तू सगळं,' म्हणाली. 'एक काम कर ना माझं. तुमचं होतं, तुमचं होतं म्हणून हा उगाच मनाला लावून घेतो. आपलं कधीच काही नव्हतं, हे एकदा तुझ्या तोंडून कळलं की सुटेल बिचारा.'
मी खुर्ची पुन्हा खिडकीजवळ नेली. मग म्हणालो, नव्हतं काही.
'मला काय सांगतोस, मला माहीतच आहे,' ती म्हणाली. 'थांब, त्याला देते.'