निळ्या खोळीतली गादी

आई,

उद्या सकाळी बाबा माझी गादी हिंगणघाटला पिंजाऱ्याकडे नेणार आहेत. वहिनीला आठवा महिना लागला. त्या कापसातून बाळासाठी लहान गाद्या भरायच्या आहेत. मावशी म्हणते, "लेकराले पहिलं अंथरूण जुन्या कापसाचंच पाह्यजे." मी अजून हो म्हटलेलं नाही. बाबांनी मात्र गादी गुंडाळून दाराशी ठेवली आहे.

कॉलेजसाठी मी वडनेरहून वर्ध्याच्या होस्टेलला निघाले तेव्हा तू तुझीच गादी उसवलीस. निम्म्याहून जास्त कापूस काढलास, पिंजून आणलास. मला अजून दिसतं, तू खाली बसली आहेस, नव्या निळ्या खोळीत खांद्यापर्यंत हात घालून कोपरे भरते आहेस. मी विचारते, "आई, तुले काय राह्यलं मंग?" तू मान वर करत नाहीस. "मले पाठ टेकवाले कितीक लागते? सरक तिकडं, कापूस उडून राह्यला." होस्टेलच्या मुली म्हणाल्या, "वा, नवीकोरी गादी!" फोनवर तू विचारायचीस, "टोचत नाई ना वं?" मी म्हणायचे, "नाई वं आई, मस्त हाय."

पुढच्याच वर्षी तू गेलीस. रिवाजाप्रमाणे तुझं अंथरूण देऊन टाकलं. गादी उचलताना मावशी म्हणाली, "हिच्यात तं काईच नाई."

आता मी पुण्यात ताऱ्यांवर काम करते. बाबा गावभर सांगतात, "पोरगी चांदण्या शिकून राह्यली." आमच्याकडे एक कोडं आहे. ताऱ्यांच्या एका गुच्छातले सगळे तारे एकदमच जन्मलेले असतात. त्यातले मोठे, निळे तारे लवकर जळून संपतात. तरीही म्हाताऱ्या गुच्छात मधूनच एखादा तारा निळा, तरणाताठा दिसतो. बऱ्याचदा त्याच्याजवळ एक जोडीदार असतो. म्हातारपणी तो फुगला आणि त्याचा वायू याच्याकडे वाहत आला, म्हणून हा जड झाला, तापला, निळा झाला. जोडीदाराचा उरतो फक्त एक लहानसा पांढरा गाभा. साध्या प्रकाशात तो निळ्याच्या उजेडात हरवून जातो. अतिनील किरणांत शोधला तर कधी कधी सापडतो. सापडला की सगळे टाळ्या वाजवतात, आणि मला तुझी पातळ गादी आठवते.

आमचे सर बजावतात, ताऱ्याला देणं कळत नाही, वायू ओढला जातो इतकंच. खरं आहे. म्हणून तर मला तारे पुरत नाहीत, आई. त्या निळ्या ताऱ्याला जोडीदाराभोवती निदान फिरता तरी येतं.

आत्ता इथे, वडनेरच्या घरी, वहिनी दारातली गादी दाबून बघत होती. मला पाहून ओशाळली. "तुम्हाले नसंल द्याची तं राहू द्या, ताई. आपण दुसरी घेऊ." मी तिला म्हटलं, "घेऊन जाऊ दे बाबांले. कापूस चांगला हाय."

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला माहीत नाही. पण गादी उसवण्याआधी तुला सांगते. टोचत होती, आई. पिंजताना कापसात राहून गेलेली एक सरकी होती, डाव्या खांद्याखाली यायची. मी ती काढली नाही. त्याच कुशीवर झोपायचे.