कोणत्या तोंडाने

३ मार्च
आले एकदाची! संग्रहालयाच्या मागच्या अंगाला लांबलचक, उजेडाची खोली. टेबलावर भिंग, बाटल्या, कापसाचे बोळे आणि मधोमध साक्षात 'मुकी बाई', ते प्रसिद्ध चित्र. शाळेच्या पुस्तकात मी हिला मिशा काढल्या होत्या! तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवर विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेत. माझं काम एवढंच, खालच्या रंगाला धक्का न लावता वरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढायचं. आधी हे काम मामा करत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. आता निवृत्त आहेत, हात कापतात, तरी चहाच्या वेळेला डोकावतात. म्हणाले, पोरी, घाई नको, बाई कुठे पळून जात नाही.

९ मार्च
कपाळ झालं, गाल झाले. आमच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, खूश. मामांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझे पाय जमिनीवर नाहीत.

१२ मार्च
ओठ गेले.
तिथे पातळ द्रावण वापर, असं मामांनी बजावलं होतं. मला ते वेळखाऊ वाटलं. बोळा फिरवला आणि कापूस गुलाबी झाला. मोठ्या बाई नेमक्या दारात. हे काय, म्हणाल्या. मी तोंड वर करून सांगितलं, की हे ओठ मूळचे नव्हतेच. मामांच्या हातून मागे पुसले गेले असतील, त्यांनी वरून रंगवले असतील.
त्यांना ते पटलं.

१३ मार्च
मामांना बोलावलं. मला वाटलं, चिडतील. ते नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठवत नाही बाई. पण हे असे हात. झालं असेल माझ्याकडूनच." मी खाली मान घालून बोळे वळत होते. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता खरं सांगू तरी कोणत्या तोंडाने?

१६ मार्च
जुन्या फोटोवरून ओठ रंगवले, मिटलेलेच. आज बघते तर मधे बारीक फट. माझीच नजरचूक असणार. माझे ओठ बधिर झालेत, द्रावणाच्या वाफेने असेल. मामा चहाला येत नाहीत.

१८ मार्च
फट दोनदा बुजवली. पुन्हा उघडते. आत दात दिसतात. मी काढलेले नाहीत.
तोंड पुसलं तर रुमाल गुलाबी. रक्त नाही. रंग.

२० मार्च
दारावर अजून असलेली मामांच्या नावाची पाटी मोठ्या बाईंनी उतरवायला लावली. पुरे झालं. सांगायला गेले. मोठ्या बाई चित्राच्या खोलीतच, खिडकीकडे तोंड करून उभ्या. माझे ओठ हलेनात — आणि मागून, चित्रातून, माझ्याच आवाजात — मामांनीच केलं हो, आणि हे एकच चित्र नाही —
मोठ्या बाई न वळताच म्हणाल्या, मला शंका होतीच.

२१ मार्च
आरशात नाकाखाली सपाट. ओढणी गुंडाळलीये.
शेजारच्या खोलीत मामांची चौकशी. चित्रही तिथेच नेलंय. ती बोलतेय, माझ्या आवाजात. लाडात येऊन, मामा, कबूल करा ना. आणि मामा — हो, हो, असेल —
कागदावर लिहून नेते. ओठ मी पुसले. मामांनी नाही. ओठ मामांनी — नाही, मी 'मी' लिहीत होते — हात आपोआप — ओठ मामां