फोनचा अर्धा तास

४ फेब्रुवारी

शी! शी! शी!

दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बादलीमागे कोंबलेला एक बोळा सापडला. जुन्या टॉवेलचा तुकडा. उचलला आणि असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणीच. थिनर! जिन्याला रंग देणं चाललंय, त्या रंगाऱ्याचं थिनर.

परवाच तो म्हणत होता, "बाई, डबा आपोआप कमी होतोय." मी त्याच्यावरच खेकसले — झाकण नीट लावत जा, उडून जातं ते! उडून कसलं जातंय. पोरींच्या नाकात जातंय.

सोळा-सतराच्या पोरी. आईबापांनी डॉक्टर व्हायला या वसतिगृहात ठेवलेल्या. आणि न्हाणीघरात चिंधी हुंगताहेत! मी हात साबणाने घासघासून धुतले, तरी जेवताना वास येतच राहिला. अर्धं ताट तसंच टाकून उठले.

५ फेब्रुवारी

संचालकांना सांगितलं. पहिला प्रश्न — "बाहेर कुणाला कळलं का?" दुसरा प्रश्नच नाही. कोण पोरगी, का, कधीपासून — काही नाही. मला त्या बोळ्यापेक्षा त्यांचीच जास्त शिसारी आली.

थिनरचे डबे माझ्या खोलीत, कुलपात. रंगारी म्हणाला, "आता तुम्ही नका हुंगू म्हणजे झालं." मेल्याला विनोद सुचतात!

७ फेब्रुवारी

आज व्याख्यान झालं. 'व्यसनांपासून दूर राहा.' पाहुणे कडक इस्त्रीचे. पडद्यावर सडलेली फुप्फुसं, झिजलेले दात. मग गृहस्थ रंगात आले — काय ओढतात, काय गिळतात, घरातल्या घरात काय काय सापडतं... सगळं साग्रसंगीत! तोवर जांभया देणाऱ्या पोरी ताठ बसून ऐकायला लागल्या. मला घाम फुटला. अहो, बास करा, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले मात्र नाही.

शेवटी भोंगा उठली. ही पोरगी कुजबुजली तरी तळमजल्यापर्यंत ऐकू येते, म्हणून भोंगा. म्हणाली, "सर, एवढं वाईट असतं तर लोक घेतात का?"

"वाईट संगत!" पाहुणे म्हणाले. पुढचं चित्र.

संचालकांनी तिथेच नियम जाहीर केला — जी सापडेल ती त्याच दिवशी घरी. दुसरी संधी नाही. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच.

९ फेब्रुवारी

वास पुन्हा आला. थिनर कुलपात, तरी! आणि एक लक्षात आलं. तो सकाळी कधीच नसतो. संध्याकाळी मी पोरींचे फोन अर्ध्या तासासाठी कपाटातून काढून देते ना, ते परत जमा झाले की मग येतो. घरी बोलायचं आणि मग जाऊन हुंगायचं. कसल्या निर्लज्ज!

११ फेब्रुवारी

सापडली. मनी!

पावलांचा आवाज येत नाही म्हणून पोरी तिला मनी म्हणतात. तशीच बसली होती न्हाणीघराच्या कोपऱ्यात, हातात नेलपॉलिश पुसायच्या औषधाची बाटली, ओठाशी लाळ. माझ्याकडे बघून हसली. हसली! 

शुद्धीवर आल्यावर विचारलं, का गं? काय कमी आहे तुला? तिने ओढणीने ओठ पुसले. मग म्हणाली, "डोकं गप्प बसतं, बाई. थोडा वेळ."

डोकं गप्प बसतं म्हणे. आमची डोकी नाही का चालत? आम्ही हुंगतो काही?

कार्यालयात आणलं. घरी फोन लाव म्हटलं. तिने कपाटातून आपला मोबाइल घेतला, नंबर लावला, माझ्या हातात दिला. मी वहीतला नंबर काढून बघायला हवा होता का? पण तिच्या अंगाचा तो वास... कधी एकदा ही नजरेआड होते असं झालं होतं मला. पलीकडून पुरुषाचा आवाज. मी सगळं सांगितलं. "बरं बरं, मॅडम. पाठवून द्या बसने. मी येतो उतरवून घ्यायला." चिडणं नाही, रडणं नाही, काही विचारणं नाही. अगदी गोड आवाज! असे बाप असल्यावर दुसरं काय होणार?

"बाई, आजच्या दिवस राहू द्या," मनी म्हणाली. दोनदा म्हणाली. मी नियम सांगितला. रखवालदाराने बसमध्ये बसवून दिलं. पोचल्यावर कळव म्हणाले.

न्हाणीघर फिनाइलने स्वतः घासलं.

१२ फेब्रुवारी

मनीचा निरोप आला. "पोचले." एवढंच. दोन शब्द जास्तीचे लिहायलाही जड!

असो. घाण गेली.

१४ फेब्रुवारी

आज फोनच्या वेळी मुद्दाम व्हरांड्यात उभी राहिले. चोरून ऐकणं वाईट, पण ऐकलं.

"हो आई. नाही आई. सतरावी आले. नाही, खेळत नव्हते. तिला जास्त पडले, हो. हो, माहितेय तुम्ही पोटाला चिमटा घेताय. हो." — हे भोंगा. एरवी भिंती हादरवणारी पोरगी, आणि आवाज इतका बारीक की दुसरीच कुणी बोलतेय असं वाटावं. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. जेवलीस का, हे एकीलाही कुणी विचारलं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

फोन जमा करताना बघितलं — चेहरे उतरलेले, एकमेकींकडे न बघता रांगेत उभ्या. आणि इतकी वर्षं मला वाटायचं, घरच्यांशी बोलून पोरींना बरं वाटतं! त्या आईबापांचा राग राग आला. हुंगणाऱ्यांचा वास येतो, यांचा येत नाही इतकंच.

१८ फेब्रुवारी

मध्यरात्र उलटलीय. तरी लिहिते.

संध्याकाळची हजेरी. मी व्हरांड्यातून नावं घेत जाते, पोरी आतूनच ओरडतात. आत डोकावत नाही. कोण कशी बसलीय, काय घातलंय, कशाला बघा! भोंगाचं नाव घेतलं. आतून आलं, "हजर, बाई."

पुढे गेले आणि थबकले. भोंगा जन्मात कधी 'हजर, बाई' म्हणालेली नाही. "आहे की!" असं खेकसते. दार ढकललं. दोन पोरी पलंगावर, मध्ये पांघरूण. "ताप आहे तिला, बाई. झोपलीय." पांघरूण ओढलं. भोंगा निळीसर पडलेली, तोंडात उलटी. खोलीभर तोच वास.

रिक्षा, दवाखाना, नळ्या. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर तुम्ही शवागाराच्या दाराने आत आला असता.

सोबत आलेल्या त्या दोन पोरींवर मी तिथेच तुटून पडले. किती वेळ अशी पडली होती? मला का नाही बोलावलंत? मैत्रीण मरतेय आणि तुम्ही हजेऱ्या लावताय? शरम नाही?

त्यांतली धाकटी रडत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तिलाही मनीसारखं घालवलं असतंत."

मी उठून भोंगाच्या पलंगाशी जाऊन बसले. 

१९ फेब्रुवारी

भोंगा डोळे उघडून बसली. आवाज बसलाय, घशात नळी होती ना. मी तिला चमच्याने पाणी पाजलं. नको म्हणाली, तरी पाजलं.

"मनी घरी बरी आहे ना, बाई?" पहिला प्रश्न हा.

असेल की, म्हटलं. असेल! मला कुठे माहितेय? मी त्या पोरीला कचऱ्यासारखं उचलून बाहेर टाकलं आणि फिनाइल ओतलं. परत एक फोन नाही. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती.

भोंगा म्हणाली, मनीला घरी जायची भीती वाटायची. मारतात का, विचारलं. "छे. मारत नाहीत. तिच्यासाठी त्यांनी काय काय सोडलं ते सांगतात. रोज. फोनवर."

२१ फेब्रुवारी

संचालकांशी कडाक्याचं भांडण. त्यांना भोंगाचं नाव काढून टाकायचंय. "नियम म्हणजे नियम, बाई."

म्हटलं, या नियमाने एक पोरगी वाचलेली दाखवा. उलट एक मरायला आली होती! भीतीने हुंगायच्या थांबल्या नाहीत, सांगायच्या थांबल्या. उद्या दुसरी पडेल आणि तिच्या मैत्रिणी पुन्हा पांघरूण घालतील. तेव्हा बाहेर काय सांगाल?

'बाहेर' म्हटल्यावर गृहस्थ ताळ्यावर आले. तेवढंच कळतं त्यांना! ठरलं ते असं — जी स्वतः सांगेल, किंवा मैत्रिणीसाठी मला उठवेल, तिला काही शिक्षा नाही. डॉक्टरीणबाई आठवड्याला येणार, दार बंद करून बोलणार, पडद्यावरची चित्रं-बित्रं काही नाही. आणि आईबापांना मी स्वतः बोलावून सांगणार की अर्ध्या तासात मार्क विचारायचे नाहीत. विचारले तर पोरींनी फोन माझ्याकडे द्यावा. बघतेच एकेकाला!

आणि मनीला परत घ्यायचं. एवढं पदरात पाडूनच उठले.

२२ फेब्रुवारी

उद्या पहिल्या बसने मनीच्या घरी जाते. वहीतून पत्ता काढला. फोनवर नाही सांगायचं हे. समोर बसून त्या पोरीला म्हणायचंय, माझं चुकलं, चल. आणि त्या गोड आवाजाच्या बापालाही दोन शब्द सुनवायचेत!

२३ फेब्रुवारी

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय. आत तिचे आईवडील आहेत.

दार बापानेच उघडलं. आवाज घोगरा, फाटका. हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही, हे मला उंबऱ्यातच कळलं. "तुमचा फोन? मला? नाही हो, बाई. कधी?"

आई पाणी घेऊन आली. माझ्या मागे बघत होती, अजून कुणी आलंय का म्हणून.

"तिला नाही आणलंत होय? काल संध्याकाळीच बोलली माझ्याशी, नेहमीच्या वेळेला. रोज बोलते. वसतिगृहात सगळं छान आहे म्हणाली."