किती मोडके?

सर,

त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मी ‘हो’ म्हणालो, ते साफ खोटं होतं. तुम्हाला ते माहीत होतंच. माहीत असणारे आपण दोघंच होतो, आणि तुम्ही गेल्यापासून मी एकटा. हे एवढं एक वाक्य कागदावर उतरायला सव्वीस वर्षं लागली मला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “लेका, एवढ्यात म्हशीची दहा वेतं झाली असती.” मी आता न्यूझीलंडमध्ये असतो, वेलिंग्टनच्या उत्तरेला जॉन्सनव्हिल म्हणून भाग आहे तिथं. ख्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला त्या वर्षी आलो, त्याला सात वर्षं झाली. सॉफ्टवेअरचं काम, लाकडी घर, बायको, चौदा वर्षांची एक मुलगी. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत, दक्षिणेचा गार वारा खिडक्या खडखडवतोय आणि मी जेवणाच्या टेबलावर तुम्हाला लिहायला बसलोय. बायकोनं विचारलं, काय लिहितोयस? म्हटलं, ऑफिसचं. हेही खोटंच. सवय झालीय.

तुम्ही कॉलेजात आलात तेव्हा कबड्डीचा संघच नव्हता. हे तुम्हीच सांगायचात, दर वर्षी नव्या पोरांना, त्याच त्या शब्दांत. वसतिगृहामागं नुसत्या बाभळी आणि दगड. तुम्ही आणि जिमखान्याचा शिपाई, दोघांनी ती जागा साफ केली, लाल माती आणून चाळली, पाणी मारून चोपली. पहिल्या सामन्याला जेमतेम सात पोरं जमली, त्यातला एक लायब्ररीत झोपलेला उठवून आणला होता. तीन वर्षं तालुक्याबाहेर आपल्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आणि आम्ही आलो तोवर विद्यापीठाची ढाल दोनदा आपल्या कपाटात येऊन गेली होती. बारा वर्षं तुम्ही त्या मातीत घालवलीत. शनिवारी सराव संपला की सगळा संघ तुमच्या स्वयंपाकघरात. काकू भाकरी थापायच्या आणि तुम्ही तव्यावरची भाकरी उचलून सरळ आमच्या ताटात टाकायचात. डावा कोपरा हमखास सातवी भाकरी मागायचा. मी अजून त्याला डावा कोपराच म्हणतो. संघात त्याची जागा ती, आणि आपण सगळे त्याला त्याच नावानं हाक मारायचो. काकू म्हणायच्या, “ह्याच्या आईची पिठाची गिरणी आहे म्हणून बरं, नाहीतर ह्याला पोसलं असतं कुणी!” तो हसतोय, तोंडात घास, हनुवटीला शेंगदाण्याची चटणी लागलेली. अगदी आत्ता दिसतोय.

तुमची एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या संघात मी ती पाहिली नाही. सामन्याआधी आम्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधायला बसलो की तुम्ही उठून लांब नळापाशी जायचात आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहायचात. तेवढ्यात ज्याला जे दुखत असेल ते त्यानं कप्तानाला सांगायचं. तुमच्यासमोर कुणी कबूल झालं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग तुम्ही यायचात आणि मला बाजूला घेऊन विचारायचात, “काय रे, किती मोडके?” मी हळूच सांगायचो, एक, किंवा दोन, आणि कोण ते. पुढं तुम्ही त्या पोराला सगळ्यांदेखत म्हणायचात, “आज तू बस. आज मला तुझा खेळ नको.” पोरगं चिडायचं, पण तुमच्यावर. मला म्हणाला होतात, “शिव्या मी खातो. तू फक्त खरं सांगायचं.” एकदा मी शहाणपणा करून एकाच्या खांद्याचं सगळ्यांसमोर बोलून गेलो, तर तुम्ही मला दुपारपर्यंत एकट्यानं माती चाळायला लावलीत. “दुखणं हळू सांगायचं असतं. ओरडून सांगितलं की ती चहाडी होते.” तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता, सर. म्हातारा खडूस आहे असं मी पोरांना म्हणालो होतो. म्हातारे कसले, तुम्ही तेव्हा माझ्या आजच्या वयाचेसुद्धा नव्हता.

विद्यापीठाची अंतिम फेरी. सकाळी उपांत्य सामन्यात समोरच्या चढाईवाल्याचा गुडघा डाव्या कोपऱ्याच्या कानशिलावर बसला. तो लगेच उठला, माती झटकली, आणि तुम्हीही ‘शाब्बास’ म्हणालात. दुपारी पट्ट्या बांधताना तो माझ्याशेजारी येऊन बसला. तुम्ही नळापाशी, पाठमोरे. तो म्हणाला, “मला मधली रेघ दोन-दोन दिसायलीय. मागं जाऊन उलटीपण झाली. सरांना सांगू नकोस गड्या, एवढा एक सामना.” पुण्याच्या कंपनीचा माणूस खुर्ची टाकून बसला होता, खेळाडू म्हणून नोकरी द्यायला दोन पोरं निवडणार होता. डावा कोपरा नसला तर आपण हरणार हे मला माहीत होतं, आणि हरणाऱ्या कप्तानाला कोण निवडतं? मी त्याच्यासाठी गप्प बसलो असं पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो. छे! मी माझ्यासाठी गप्प बसलो. तुम्ही आलात, विचारलंत, “किती मोडके?” मी म्हणालो, “एकही नाही, सर.” सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, पकडीत तो खाली गेला आणि उठला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच त्यानं प्राण सोडला.

चौकशीला आपल्या दोघांना बोलावलं. प्राचार्य, संस्थेचे दोघे जण, आणि टेबलावर आपल्या संघाचा फोटो, कुणी आणून ठेवला देव जाणे. मी सगळं सांगणार होतो, असं मला वाटतं, खात्री नाही. तेवढ्यात तुम्हीच बोललात. “कप्तानानं मला सामन्याआधी सांगितलं होतं, पोराला दोन-दोन दिसतंय, उलटी झालीय. मीच खेळवला.” दोन-दोन दिसतंय! म्हणजे पट्ट्या बांधताना आमच्या आजूबाजूला बसलेल्या पोरांकडून दवाखान्यात तुम्ही सगळं काढून घेतलं होतंत. प्राचार्य माझ्याकडं वळले. “खरं आहे हे?” तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. आणि मी म्हणालो, “हो.” जिन्यात तुम्ही विचारलंत, “परीक्षा कधी सुरू होतेय?” मी तारीख सांगितली. तुम्ही म्हणालात, “अभ्यास कर.” बस्स. तुम्ही मला शेवटचं म्हणालात ते एवढंच.

तुम्हाला काढलं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजनं दारात उभं केलं नाही. तुमच्या बारा वर्षांच्या मैदानावर सायकलस्टँड झाला. तुम्ही मेहुण्याच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसायचात असं ऐकलं. बाजारात बायका तुम्हाला बघून मुलांना जवळ ओढून घ्यायच्या असंही ऐकलं. मी तेव्हा पुण्यात. कंपनीचं पत्र मला आलं होतं. त्या नोकरीतून कॉम्प्युटर शिकलो, त्यातून हे सगळं. सहा वर्षांनी तुम्ही गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी रजा काढली, एसटी स्टँडपर्यंत गेलो आणि घरी परत आलो. दोन वर्षांपूर्वी भारतात आलो होतो तेव्हा धीर करून डाव्या कोपऱ्याच्या आईकडं गेलो. गिरणी बंद आहे. तिनं मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं, तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, “तू सांगितलं होतंस रे बाबा, तुझा काय दोष? त्या मास्तरानं खाल्लं माझं लेकरू. तो मेला त्या दिवशी मी शिरा केला होता.” मी चहा संपवला आणि तिच्या पाया पडून निघालो.

आता इथलं सांगतो, कारण इथलं घडलं नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. माझी मुलगी शाळेच्या संघातून रग्बी खेळते. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी त्यांचा मॅनेजर आहे, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, पट्ट्या आणि औषधांची पेटी सांभाळणारा. कोच एक माओरी बाई आहे, आवाज असा की समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या वळून बघतील. इथं नियम आहे, डोक्याला लागल्याचा नुसता संशय आला तरी पोरगी मैदानाबाहेर, आणि तीन आठवडे खेळ बंद. जुलैतला शनिवार, चिखल, उपांत्य सामना. मध्यंतरात पोरी संत्र्याच्या फोडी खात होत्या. माझी मुलगी पाणी घ्यायला आली आणि कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, आय कॅन सी टू ऑफ यू. डोन्ट टेल कोच. प्लीज, जस्ट धिस गेम.” तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. तेवढ्यात कोचनं लांबून विचारलं, “ऑल गुड?” आणि तुम्हाला सांगतो, माझ्या जिभेवर पहिल्यांदा आलं ते ‘ऑल गुड’च. पोटची पोर समोर उभी, तिला दोन बाप दिसतायत, आणि मला पहिल्यांदा आलं ते तेच. मग मी कोचपाशी चालत गेलो आणि हळू सांगितलं, तुम्ही शिकवलं होतंत तसं. तिनं मात्र अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडून मुलीला बाहेर काढलं. पुढच्या शनिवारी त्या फायनल हरल्या. मुलगी रेघेबाहेर टोपी ओढून उभी होती, पाण्याची बाटलीसुद्धा माझ्या हातून घेत नव्हती. “यू रुइन्ड इट,” एवढंच म्हणाली आणि पंधरा दिवस अबोला.

अबोला सुटला तो बायकोमुळं. तिनं तिला तुमची गोष्ट सांगितली. म्हणजे बायकोला जी माहीत आहे ती, लग्नाआधीपासून मी सांगत आलोय ती. मुलगी माझ्या गळ्यातच पडली. “बाबा, आय डिडन्ट नो!” आता शाळेत तिची भाषणस्पर्धा आहे, उद्या सकाळी, सगळ्या शाळेसमोर. तिनं ह्याच विषयावर लिहिलंय. काल कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, सगळं बरोबर आहे का बघ. त्यात आहे की माझे वडील कप्तान होते, त्यांनी कोचला सांगितलं होतं, आणि कोचला ढाल हवी होती म्हणून त्यानं एका मुलाला मरू दिलं. माझे वडील तेव्हाही खरं बोलले आणि ह्या जुलैतही. शेवटची ओळ अशी आहे की प्रत्येक संघात माझ्या बाबांसारखा एक माणूस हवा. मी दोनदा वाचलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळे नुसते चमकत होते. “इज इट ट्रू, ऑल ऑफ इट?”

मी परत ‘हो’ म्हणालो, सर.

उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते का केलंत, हे मला आजही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमचे उपकार मानण्यापेक्षा मला तुमचा रागच जास्त येतो. तुम्ही गप्प राहिला असतात तर मी कदाचित बोललो असतो. बघा, अजूनही तुमच्याच माथी मारतोय. हे पत्र कुठं पाठवणार? पत्ता पाठ आहे तो जिमखान्याचा, आणि तिथं आता सायकली लागतात. मुलगी आत्ताच येऊन समोर बसली आहे, भाषण पाठ करतेय. तिचा टोस्ट ठेवायला तिनं ही पानं बाजूला सारली, त्यांवर नजर टाकली आणि विचारलं, “वर्क स्टफ?” मी मान डोलावली. पानं झाकायची मला गरज वाटली नाही. तिला मराठी वाचता येत नाही, सर. म्हणून तर मराठीत लिहिलं.