निर्माल्याचं खत

नाहूर, मंगळवार संध्याकाळ

आजही गांडुळं खताच्या टाकीतून निघून भिंतीवर चढत होती. देवळांतलं निर्माल्य खाडीत जाऊ नये म्हणून सुनंदाने आणि मी हा खताचा धंदा काढला. पण हल्ली हारांत रंगवलेली फुलं असतात. हात धुतले की पाणी निळं.

"उकाड्याने येतात गं वर. तुला ना, सगळ्यात विष दिसतं!" सुनंदा म्हणाली.

उकाडा? टाकी तर सावलीत आहे. मग गांडुळं पळतात कशाला?

मागची पोती मालाडच्या शाळेत गेली, मुलांनी लावलेल्या मेथीला. धंद्याचं नाव जाईल म्हणून सुनंदा अडवत होती. तरी मी तिथल्या बाईंना फोन लावला: मेथी उपटून टाका, मुलांना देऊ नका.

"अहो, आजच खिचडीत घातली," बाई म्हणाल्या. "पोरांनी मागून मागून खाल्ली."