दगडावर काढलेली माणसं

१० ऑक्टोबर १९५६
बऱ्हाणपूरला पोचले. छापखान्याचे मालक अनंतराव स्वतः टांगा घेऊन स्टेशनवर आले होते. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशात राहणार, म्हणून इथल्या मुलांसाठी मराठी चित्रकथा छापायच्या हा त्यांचा ध्यास. मी भाषा तपासायची. शाळेत जन्मभर शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला अजून कुणी कामाला बोलावतं, याचं मला बरं वाटलं. शनवारा पेठेत छापखान्याच्या वरचीच खोली मिळाली, भरपूर उजेडाची. स्वयंपाक भागाबाई करते. तिच्या हातची शेवभाजी मी मागून घेतली.

१२ ऑक्टोबर
चित्रं पाहिली. राजाचं कोपर उलट्या बाजूला वाकतं. प्रधानाला मानच नाही. राणीचे दोन्ही हात डावे. इथला चित्रकार देवराम छपाईच्या, लिथोच्या दगडावर सगळं उलटं काढतो, म्हणजे कागदावर सुलट उमटतं, आणि त्यातच त्याचा घोळ होतो. राणी म्हणे भागाबाईला समोर बसवून काढली. आमच्या कॉन्व्हेंटात मी असा हात काढला असता तर सिस्टरनं माझाच मोडला असता, असं मी त्याला सुनावलं. तो हसून म्हणाला, बाई, कहाणी तलवारीची आहे, बोटं कोण मोजतो.

१५ ऑक्टोबर
शेवटी मीच स्टुलावर बसले आणि म्हटलं, आता माणूस बघ आणि मग काढ. गोष्टीतली चेटकीण तेवढी काढायची राहिली होती, ती मी झाले. अनंतरावांना फार गंमत वाटली. संध्याकाळी दगड पाहिला. गुडघे मागे वळलेले, उजव्या हाताला दोन अंगठे, ओठांच्या जागी नुसती रेघ. पूस म्हटलं. तर म्हणतो, दगडाला तेजाब देऊन झालं, ॲसिडनं पक्की झालेली रेघ आता हटत नाही.

१८ ऑक्टोबर
भागाबाई ताट वाढत होती. तिचे दोन्ही हात डावे आहेत. मी हातात धरून हाडं चाचपली. विचारलं तेव्हा रडायला लागली. राणी छापली त्या दिवसापासून असं झालं. नवरा म्हणतो, कामचुकारपणाचं नाटक आहे.

२० ऑक्टोबर
काल चेटकिणीची छपाई सुरू झाली. आज माझ्या उजव्या हाताला दुसरा अंगठा. नख आहे, सांधाही आहे. डॉक्टर म्हणतात, जन्मापासूनच असेल, बाई, ध्यानात आलं नसेल. माझा हात, आणि माझ्याच ध्यानात नाही!

२२ ऑक्टोबर
दगड थोडे असल्यामुळे इथे छापून झालेला दगड वाळू-पाणी घालून घासतात आणि पुन्हा कोरा करतात. दुपारी राणीचा दगड घासला. मी पाणी प्यायला गेले तर चुलीपुढे भागाबाईचं लुगडं पडलेलं, बांगड्या, परातीत अर्धं मळलेलं पीठ. अनंतराव म्हणाले, दापोऱ्याला लेकीकडे गेली असेल. लुगडं सोडून गेली का, असं विचारलं तर चिडले.

२३ ऑक्टोबर
चेटकिणीचा दगड घासू नका म्हणून हात जोडले. मी, हात जोडले. अनंतराव म्हणाले, दगड काय देव्हाऱ्यात मांडू, बाई? देवराम मान खाली घालून बसला. मालक सांगतील ते करायचं, म्हणाला. उद्या पहाटेच्या गाडीनं निघते.

२४ ऑक्टोबर
गाडी गेली. गुडघे मागे वाकतात — जिना उतरता येत नाही. तोंड उघडत नाही. आरशात रेघ. चिठ्ठी लिहून खिडकीतून टाकली. अनंतरावांनी न वाचताच घडी करून खिशात घातली, वर बघून म्हणाले, दुरुस्त्या आता पुढच्या अंकात घेऊ.

२५ ऑक्टोबर
यंत्र थांबलं. बादली ठेवल्याचा आवाज — वाळू —
मच्छरदाणीची काठी काढून मी जमिनीवर आपटते आहे. खाली कुणी म्हणालं, बाई आज लईच तापल्या. हसले.
घासायला लागले. पायांच्या बाजूने. पावलं — नाहीत. दुखत नाही, हेच —
कंबरेपर्यंत आलं. काठी पडली, वाकता येत नाही. कागद छातीशी धरून —
देवराम, हळू घास, निदान हात — मनगटाप